मोबाईलची साक्ष

मोबाईलवर लिहिलेलं कोर्टात पुरावा होतं का? होतं. त्यात वाद नाही, दोस्तांनो. वाद पुढचा आहे. मोबाईलला साक्षीदार म्हणून उभा केला, तर त्याची उलटतपासणी कोण करणार?

आमच्या घाटकोपरच्या झोपडपट्टीत एक मोबाईल चार जण वापरतात. सिम भावाच्या नावाचं, पासवर्ड गल्लीला ठाऊक. उद्या त्यावरून काय गेलं तर आरोपी कोण? ज्याची कॉलर हाताला लागली तो! २०१२ साली पालघरच्या दोन पोरींना उचललं. एकीनं फेसबुकवर मुंबई बंदबद्दल लिहिलं, दुसरीनं नुसतं लाईक केलं. त्यांना लावलेलं ६६-अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ साली रद्द केलं. अटक मात्र होऊन गेली.

जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं बजावलं : मूळ यंत्र कोर्टात आणा, नायतर प्रमाणपत्र द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३ वं कलम आलं. आता प्रमाणपत्रात हॅशचा आकडाही लिहायचा. हॅश म्हणजे कंटेनरचं सील. फायलीतला एक काना बदलला की आकडा बदलतो. गोदीत सीलचा नंबर जुळला नाय तर आम्ही दाराला हात लावत नाय, आधी टॅलीवाल्याला हाक मारतो.

पण सील ठोकायच्या आधीच कुणी आत माल कोंबला असेल तर? सील शाबूत, माल चोराचा!

भीमा कोरेगाव प्रकरणात हाच सवाल आहे. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगनं बचाव पक्षासाठी त्यांच्या कॉम्प्युटरची प्रत तपासली. २०२१ साली सांगितलं, नेटवायर नावाचा व्हायरस घुसवून बाहेरच्यानं २० महिने ताबा ठेवला, फायली पेरल्या. एनआयएला ते मान्य नाही. ठीक, मग लावा कोर्टात कसोटी! पण कसोटी लागायच्या आधी माणसं वर्षानुवर्षं आत सडली. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच गेले.

हमालाच्या पोराला अमेरिकेचा तज्ज्ञ कुठून परवडणार? म्हणून आपली मागणी साफ आहे. जप्तीच्या जागीच हॅश लिहा, कागद आरोपीच्या हातात द्या. त्याला पुराव्याची प्रत द्या आणि सरकारी खर्चानं त्याचा स्वतःचा तज्ज्ञ द्या. तोवर यंत्राच्या एकट्या साक्षीवर कुणाला डांबू नका.

आणि वस्तीवस्तीत सांगा : पंचनामा वाचल्याशिवाय सही करायची नाय.