सरासरी वेग २०, म्हणजे सायकलस्वार कच्चा?

समजा, पावसाळ्यात एक जण केजहून पूर्वेच्या दिशेने सायकलवर निघाला. पश्चिमेचा वारा पाठीशी, त्यामुळे जातानाचे २० किलोमीटर ताशी ३०च्या वेगाने ४० मिनिटांत झाले. येताना तोच वारा तोंडावर. वेग १५, वेळ ८० मिनिटे. मग सरासरी किती? साडेबावीस नव्हे, २०. संथ चालीत वेळ जास्त गेला आणि सरासरी त्या वेळेवरच ठरते. पायांतली ताकद मात्र दोन्ही वेळी तीच होती.

मोबाइल ॲपवर दिसतो तो फक्त २०चा आकडा. चढ, खड्डे, दुसऱ्या सायकलच्या आडोशाने कापलेले अंतर, यातले काहीच त्यात उमटत नाही. चहाला थांबल्यावर ॲपही थांबत असेल, तर तो वेळही गायब! शिवाय सपाट रस्त्यावर २०वरून २५वर जायचे, तर केवळ हवा कापायलाच जवळपास दुप्पट ताकद लागते.

ग्रुपवरचे आकडे पाहून नवखा हिरमुसतो, नाहीतर वाहनांच्या गर्दीत जोर काढतो. हे दुसरे जास्त वाईट. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’त २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. म्हणजे ताशी १५सुद्धा नाही. आणि तिथे क्रमांकही काढत नाहीत. तुलना करायचीच तर स्वतःशी करावी: तोच रस्ता, तीच वेळ, वारा पडलेला, महिन्याभराने.