कर्ज देणारे दारात, हिशेब सांगणारा कुठे?

शाहूवाडी तालुक्यात पावसाला आणि उसनवारीला कधी तोटा नव्हता. एकाने मुंबई गाठायची, बाकीच्यांनी भाताची खाचरे सांभाळायची, ही इथल्या अनेक घरांची जुनी रीत. मनिऑर्डर येईपर्यंत दुकानदाराची उधारी चाले, दुखणे-खुपणे किंवा लग्नकार्य निघाले की सावकार. आता मनिऑर्डरचा जमाना सरला आणि कर्ज पायांनी चालत दारापर्यंत येऊ लागले. विकास सोसायटी, पतसंस्था, सोनेतारण, बायकांच्या गटांना मिळणारे कर्ज आणि मोबाइलवर बोट टेकताच मिळणारे कर्ज. देणारे उदंड झाले. घेतलेल्या कर्जाचा एकत्र हिशेब मांडून देणारा मात्र कुणी नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका स्थानिक सेवाभावी संस्थेच्या वतीने मी आठवड्यातून एक दिवस मलकापुरात हेच काम करतो. ‘आम्ही पैसे देत नाही,’ हे पहिल्या वाक्यातच सांगावे लागते. ते ऐकून काही जण उठून जातात. जे थांबतात, त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवायचा. कुणाचे, किती घेतले, किती फेडले, व्याज काय, तारण काय आणि हप्ता चुकला तर नेमके काय होईल, एवढेच रकाने. गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंचा हा कागद भरायला दोन तास लागले. “सायेब, ह्यातली दोनच कर्जं मालकास्नी ठावं हाईत,” त्या म्हणाल्या. म्हटले, “ताई, आधी सगळी लिहू. सांगायचं कसं, ते मग बघू.”

घरात महिन्याला येणारे १६ हजार. तीन गटांचे आणि एका मोबाइल कर्जाचे हप्ते मिळून ९,२००. शिवाय सावकाराचे ४० हजार, शेकडा पाचने. खेड्यात ‘शेकडा पाच’ म्हणजे दर महिन्याला पाच, वर्षाला साठ. दरमहा दोन हजार व्याज जात होते, म्हणजे वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज देऊन मुद्दल जागच्या जागी. उरलेल्या ४,८०० रुपयांत घर चालवायचे. आणि या धावपळीत थकले होते ते सोसायटीचे पीककर्ज. वेळेत फेडले तर ज्यावर व्याजसवलत मिळते, ते सगळ्यांत स्वस्त कर्ज! कारण विचारले. “सोसायटीवालं दारात येऊन बसत न्हाईत. गटातल्या बायका बसत्यात.”

या उत्तरात कर्जबाजारीपणाचे निम्मे शास्त्र आहे. जो मोठ्याने मागतो त्याला माणूस आधी देतो, आणि ज्याच्याकडे दागिना किंवा जमीन अडकली आहे त्याची नोटीस फडताळात पडून राहते. सल्लागाराचे पहिले काम हा क्रम बदलण्याचे. आधी घरची चूल, औषध आणि शाळा. मग ज्या कर्जामुळे वस्तू जाईल ते. बाकीच्यांना लेखी कळवून मुदत मागायची.

कायदा कर्जदाराच्या बाजूने नाही, असे लोक समजतात. ते खरे नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. जुन्या दामदुपटीचेच हे तत्त्व. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतील व्यवहाराची चौकशी होऊन ती परत मिळू शकते. गटकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी वा संध्याकाळी सहानंतर यायचे नाही. वरच्या बाईंच्या बाबतीत आठ हजारांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. पण हे नियम त्यांना कोण वाचून दाखवणार?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखतांच्या होळ्या केल्या. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. खतावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहाराचा हिशेब कोर्टाने तपासावा, असे त्याने सांगितले. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले, आणि तडजोड घडवणारे सलोखेदार नेमण्याची सोयही केली. परक्या सरकारलाही तेव्हा कळले होते, की दोघांच्या मध्ये हिशेब जाणणारा तिसरा माणूस लागतो.

आपण मात्र हा तिसरा माणूस नेमता नेमता थांबलो. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आर्थिक साक्षरता व पतसमुपदेशन केंद्रांची योजना आणली. २०१२ मध्ये ती सुधारली, तेव्हा नावातले ‘पतसमुपदेशन’ गळाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तर अगदी लहान कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ हे प्रकरण आहे. ३५ हजारांपर्यंतचे कर्ज, ६० हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न आणि २० हजारांपर्यंत मालमत्ता असलेल्याला त्यातून मोकळे होता यावे, अशी ती तरतूद. मोठ्या कंपन्यांसाठी संहिता धडाक्यात लागू झाली. हे प्रकरण मात्र कागदावरच राहिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून अडचणीतल्या कर्जदाराला सल्लागाराच्या मार्फत ६० दिवसांची उसंत मिळते. तेवढे दिवस बहुतेक कर्जांवरचे व्याज आणि तगादा थांबतो.

कर्जमाफीच्या घोषणा निवडणुकीगणिक होतात. त्या मुख्यतः बँकेच्या कर्जापुरत्या. सावकाराचे आणि मोबाइलवरचे कर्ज त्यात सहसा नसते. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यात एक पगारी, निःपक्ष कर्ज-सल्लागार बसवायला किती खर्च येईल? कर्जमाफीच्या रकमेपुढे तो चिल्लर ठरेल.

त्या बाईंचे कर्ज अजून फिटलेले नाही. पीककर्ज मात्र नियमित झाले, एका गटाने हप्ता कमी करून दिला, आणि सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज गेल्यावर सावकार हिशेबाला तयार झाला. आता तो कागद नवरा-बायको दोघे मिळून भरतात. वाचकहो, आज रविवार, घरात सगळे असतील. आपल्याही घरातला असा एक कागद आज लिहून पाहावा. त्यावर एखादे अनोळखी कर्ज निघाले, तर आधी आवाज चढवू नये. ते लपवण्यासाठी कुणीतरी किती रात्री जागून काढल्या असतील, हे आधी विचारावे.