काळा संकासुर काळाच राहावा

सिंधुदुर्गातील जत्रांत देवळापुढे रात्रभर चालणारा दशावतार टिपणाऱ्याला प्रेक्षकांच्या मागे उभे राहावे लागते आणि खेळाचा रसभंग करणारा फ्लॅश वापरणे शोभत नाही. साहजिकच दूरचे पात्र जवळ आणणारे टेलिफोटो झूम भिंग त्याच्या हाती येते. मात्र अशा भिंगाची खरी परीक्षा अंधारातच होते. भिंगातील ज्या छिद्रातून प्रकाश आत येतो त्याचे माप, म्हणजे अ‍ॅपर्चरचा एफ क्रमांक, केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागून मिळत असल्याने २०० मिमी केंद्रांतराला एफ २.८ साधण्यासाठी सुमारे ७१ मिमी व्यासाचे छिद्र लागते, आणि म्हणूनच ते भिंग जड व महाग असते. स्वस्त झूम लांबवताच एफ ५.६ वर येते. तेथे प्रकाश एफ २.८ च्या एकचतुर्थांश उरतो.

हात हलल्याने येणारा धूसरपणा टाळण्यासाठी ३०० मिमीला शटरगती निदान १/३०० सेकंद असावी, असा जुना संकेत आहे. भिंगातील स्थिरीकरण यंत्रणा हा हातकंप सावरते, परंतु युद्धप्रसंगी गिरक्या घेणाऱ्या पात्राला ती थांबवू शकत नाही. तेव्हा उरतो तो आयएसओ, आणि येथेच अनेक हौशी छायाचित्रकार नाहक कचरतात. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, नोंदलेल्या संकेताचे केवळ वर्धन होते. चित्रातील दाणेदारपणा मुख्यतः संवेदकावर पडलेल्या प्रकाशाच्या तुटपुंजेपणातून येतो. त्यामुळे आयएसओ ८०० वर अडून राहून काळवंडलेले चित्र नंतर संगणकावर उजळणाऱ्याला दाणे चुकत नाहीत, उलट सावल्यांत ते बहुधा अधिकच उठून दिसतात. दाणेदार पण रेखीव चेहरा हा धूसर चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

याहून मोठा घोटाळा प्रकाशमापनाचा आहे. कॅमेऱ्यातील मापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. परिणामी आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या पूर्वरंगात, काळ्या वेशातला संकासुर राक्षस काळोखापुढे उभा राहिला की मापक सारेच उजळू पाहतो, काळा वेश राखाडी होतो आणि मागाहून येणाऱ्या विष्णूचा रंगवलेला, दिव्याखालचा चेहरा पांढराफटक पडतो. पूर्ण पांढरा झालेला भाग रॉ फाइलमधूनही परत मिळत नाही. म्हणून मॅन्युअल पद्धतीत सर्वांत उजळ चेहरा बेतून घ्यावा, बाकीचे अंधारात जाऊ द्यावे. रात्रीचे दृश्य रात्रीचेच दिसण्यात काही उणेपण नाही. बदलत्या अ‍ॅपर्चरच्या झूमवर मात्र हे गणित लांब टोकालाच करावे, कारण भिंग पूर्ण उघडे ठेवून आखूड टोकाला बेतलेले चित्र झूम लांबवताच अंधारते.

रंगीत एलईडी दिव्यांखाली तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहणे अगत्याचे ठरते, कारण एकूण उजळपणा मर्यादेत दिसत असतानाही लाल रंग आधीच ओसंडलेला असू शकतो.