वेल आत्म्याची, मांडव बाजाराचा

दिवाळीच्या फराळाचा डबा पोचला, हे सांगायला टोरांटोहून भाच्याचा फोन आला होता. चिवडा थोडा सादळला, पण अनारसे शाबूत आहेत, वगैरे बोलणे झाल्यावर तो सहज म्हणाला, "मामा, फेब्रुवारीत पेरूला चाललोय, आठ दिवस. तिथे जंगलात एक शिबिर आहे. आयाहुआस्का घेणार."

मी तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले. पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो हाच : "आणि तुझी ती रोजची गोळी?" दोन वर्षांपासून तो नैराश्यावर फ्लुओक्सेटिन घेतो. "ती आठवडाभर आधी बंद करायची म्हणे. तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलंय."

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. हा लेख त्याच्याच परवानगीने लिहितो आहे, कारण अशा वाटेला निघालेला तो काही एकटा नसावा.

आयाहुआस्का हे एका काढ्याचे नाव. क्वेचुआ भाषेत 'आया' म्हणजे मृतात्मा आणि 'वास्का' म्हणजे दोर किंवा वेल. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात दोरखंडासारखी पिळदार अशी एक वेल असते. तिचे खोड ठेचायचे, त्यात चाक्रुना नावाच्या झुडपाची पाने घालायची आणि तासन्‌तास उकळून आटवायचे. हे झुडूप आपल्या कॉफीच्याच कुळातले. उरतो तो तपकिरी, कडूजहर काढा.

यातली खुबी जोडीत आहे. पानांत डीएमटी नावाचे द्रव्य असते. ते नुसते गिळले तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात एक विकर पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. ते डीएमटीला दारातच गारद करते. वेलीतील हार्मिन, हार्मलिन ही द्रव्ये या पहारेकऱ्याला काही तास झोपवतात. मग पानातले द्रव्य मेंदूपर्यंत पोचते आणि माणसाला दृश्ये दिसू लागतात. हजारो वनस्पतींच्या त्या रानात ही जोडी माणसाला कशी सापडली असेल, याचे आश्चर्य मला आजही वाटते.

ही विद्या जुनी आहे. बोलिव्हियातील एका गुहेत सुमारे हजार वर्षांपूर्वीचे एक चामडी गाठोडे सापडले. त्यातील सामानात कोल्ह्यांच्या तीन मुस्कटांची शिवलेली एक पिशवी होती आणि तिच्यात हार्मिन व डीएमटी या दोन्हींचे अंश मिळाले. हे संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय शास्त्राला या वेलीची ओळख करून दिली ती रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने, १८५० च्या दशकात, ब्राझीलमधील वाउपेस नदीच्या काठी. याच स्प्रूसने १८६० साली इक्वाडोरमधून सिंकोनाचे बी धाडले आणि आपल्या निलगिरीतील क्विनाइनच्या बागांना त्याचा हातभार लागला.

पण हा काढा तिथले लोक घेत कसा? पेरूतील उकायाली नदीकाठच्या शिपिबो लोकांचे उदाहरण घेऊ. तिथे पूर्वापार काढा प्यायचा तो मुख्यतः वैदूने. आजार कशामुळे आला, हे पाहण्यासाठी तो पीत असे. रोग्याने प्यायलाच हवे असे नव्हते. वैदू होण्यासाठी प्रदीर्घ पथ्ये पाळावी लागत : मीठ, साखर, डुकराचे मांस, मद्य वर्ज्य, ब्रह्मचर्य आणि एकांत. रात्रीच्या अंधारात 'इकारो' नावाची गाणी म्हणत तो विधी चाले. उलटी झाली तर ती शुद्धी मानली जाई. काढ्याला तिथे 'पुर्गा', म्हणजे रेचक, असेही म्हणतात. शिवाय वैदू रोग्याला, त्याच्या घरादाराला ओळखत असे. काही बिनसले तर दुसऱ्या दिवशी त्याच गावात त्याला तोंड दाखवायचे असे.

ब्राझीलमध्ये रबर गोळा करणाऱ्या मजुरांमधून १९३० च्या सुमारास या काढ्याभोवती सांतो दायमे हा ख्रिस्ती वळणाचा पंथ उभा राहिला. तिथे धार्मिक वापराला कायद्याची मुभा आहे. पेरूने २००८ साली या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले. डीएमटी हे द्रव्य मात्र १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच यादीत आहे, आणि आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही. भाच्याला मी हेही सांगितले की, 'थोडे बाटलीत घालून आणतो' हा विचार स्वप्नातही आणू नकोस.

आता चित्र बदलले आहे. पिणारा वैदू नव्हे, तर परदेशाहून आलेला पाहुणा असतो. इकितोससारख्या, बाहेरून जिथे मोटाररस्ता जात नाही अशा शहराच्या आसपास शिबिरे भरतात. काही शिबिरांत चोख चौकशी होते, काहींत पैसे भरले की झाले. पन्नासहून अधिक देशांतील १०,८३६ जणांची एक पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यातील सुमारे ७० टक्के लोकांना शारीरिक त्रास झाला, बहुतेकांना मळमळ व उलटी. वैद्यकीय मदत लागली ती २.३ टक्क्यांना. पुढच्या आठवड्यांत वा महिन्यांत मानसिक त्रास झाल्याचे जवळजवळ ५६ टक्क्यांनी सांगितले, मात्र त्यांतल्या बहुतेकांनी तो सुधारणेचाच भाग मानला. म्हणजे हे हमखास जीवघेणे विष आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. पण जानेवारी २०२५ मध्ये लिमातील अमेरिकी दूतावासाने 'आयाहुआस्का घेऊ नका' असा इशारा आपल्या नागरिकांना दिला, तोही उगाच नव्हे. आदल्या वर्षी काहीजण दगावले वा गंभीर आजारी पडले होते.

धोका नेमका कुणाला? पुन्हा त्या पहारेकऱ्याकडे येऊ. तो केवळ डीएमटी अडवत नाही. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाची विल्हेवाट लावण्याचे कामही त्याचेच. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या हे सेरोटोनिन वाढवतात. एकीकडे गोळीने पाणी सोडलेले आणि दुसरीकडे मोरीचे तोंड बंद, अशी गत होते. ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा, रक्तदाबाची उलथापालथ, भ्रम, आणि क्वचित मृत्यू. ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक आणि खोकल्याच्या काही औषधांतले डेक्स्ट्रोमेथॉर्फनही याच यादीत बसते. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात रेंगाळते. आठवड्याचा हिशेब तिथेच चुकतो. आणि डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली की मूळचा आजार उसळण्याची भीती वेगळीच.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, फेफरे असलेल्यांनी, स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वा उन्माद-अवसादाचा आजार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. काही ठिकाणी काढ्यात 'तोए' मिसळतात. ही आपल्या धोतऱ्याची बहीण. आपल्याकडच्या बागांत लांबट, लोंबत्या फुलांची शोभेची म्हणून दिसते ती. धोतरा महादेवाला वाहायचा, पोटात घालायचा नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शिवाय अंधारात, भान हरपलेल्या स्त्रियांचा गैरफायदा घेतल्याच्या तक्रारीही पुढे आल्या आहेत.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ब्राझीलमधील नाताल येथे हट्टी नैराश्याच्या २९ रुग्णांवर चाचणी झाली. एका मात्रेनंतर आठवड्याभरात काढा घेतलेल्यांना खोटे औषध घेतलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला. मात्र तिथे रुग्ण पारखून घेतलेले होते, त्यांची आधीची औषधे थांबवलेली होती आणि देखरेखीला डॉक्टर होते. मोजक्या लोकांवरचा हा प्रयोग आशा दाखवतो, परवाना देत नाही.

१९८६ साली एका अमेरिकनाने या वेलीच्या एका वाणाचे पेटंट मिळवले होते. आदिवासी संघटनांनी झगडून १९९९ मध्ये ते रद्द करवले. २००१ मध्ये ते पुन्हा बहाल झाले आणि २००३ मध्ये मुदत संपली. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली १९९७ मध्ये हळदीचे पेटंट रद्द करवून घेणाऱ्या आपल्याला हे दुःख समजायला हवे. पेटंटवाल्याने वेल नेली, बाजाराने विधी नेला. पण पथ्य, ओळख आणि जबाबदारी ही त्या गावच्या अंगणातली माती होती, ती कुणीच नेली नाही. वेलीला सुरक्षित ठेवत होती ती ही माती.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. तिकीट त्याने अजून रद्द केलेले नाही. "पण मामा, डॉक्टरांची वेळ घेतलीय. गोळीही चालू आहे." मी त्याला नको म्हटलेले नाही; चाळिशीतल्या माणसाला नको म्हणून भागत नसते. एवढेच म्हटले, की तिथल्या वैदूला तुझे नाव कळायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना त्या काढ्याचे नाव कळू दे. आपल्या घरातले कुणी अशा प्रवासाला निघाले, तर लाजेने वा रागाने गप्प बसू नका. रोजच्या गोळ्यांची यादी तेवढी विचारा.