सरपंच कुणाचा?

सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा फडणवीस सरकारने २०१७ मध्ये आणला. महाविकास आघाडीने २०२० मध्ये तो मोडीत काढला. शिंदे-फडणवीस सरकारने २०२२ मध्ये पुन्हा आणला. नाव दर वेळी लोकशाहीचे, हिशेब पक्षाचा!

शेवगाव तालुक्यातल्या गावकऱ्याला प्रश्न एवढाच, की सही कुणाची? २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि सरपंचाच्या सहीशिवाय निघत नाही. सदस्यांनी निवडलेला सरपंच सदस्यांना बांधील. त्यांना सहलीला नेण्याचा खर्च निराळाच. थेट निवडलेल्याचे सदस्य फिरले, तर ठराव अडतो, नळाचे काम रखडते. तरी मला थेट निवडणूकच बरी वाटते. मात्र नमुना सही अशी वारंवार बदलणाऱ्या खात्याकडे आम्ही बँकवाले संशयानेच पाहायचो. बदल करायचाच तर एक निवडणूक सोडून लागू करावा. तेव्हा सत्तेत कोण असेल, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसेल.