सज्जन मालक आणि श्रमाचा अर्थ

गिरणाकाठच्या भडगावापासून जळगावापर्यंत आपल्या साहित्यव्यवहाराला उद्योजक दोनच रूपांत ठाऊक आहे : कथेतला शोषक आणि व्यासपीठावरचा देणगीदार. दोन्ही रूपे आपल्या वैचारिक आळसाची अपत्ये होत. वाकोदच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी सरकारी अधिकारपद नाकारले, १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार आरंभला आणि पुढे ठिबक सिंचन शेतोशेती नेले. आपण मात्र गौरवतो ते २०१२ चे गांधीतीर्थ! नीतीची खरी कसोटी त्या नळीत आहे. थेंब मुळाशी पोहोचला, तरच ती घडवणाऱ्या कामगाराचे श्रम सार्थ ठरतात. हा अर्थ मालक दान करीत नाही. त्याने फार तर त्याच्या आड येऊ नये. आसोद्याच्या बहिणाबाईंना जात्याचा आणि पेरणीचा अर्थ कोणत्या मालकाने शिकवला होता? शिवाय सज्जनपणा ताळेबंदाला पर्याय नव्हे. २०१९ साली तीच कंपनी कर्जसंकटात सापडली, आणि अशा संकटाची झळ संस्थापकाच्या पुतळ्याला लागत नाही, पगारावर जगणाऱ्याला लागते. तेव्हा मालकांची चरित्रे पुरे झाली. यंत्रावर उभ्या माणसाची कादंबरी आपल्यापैकी कोण लिहिणार?