लुटारूंच्या मुलखातील ओतारी

वायकिंग म्हटले की जळणारे मठ आणि परशू उगारलेले दर्यावर्दी डोळ्यांसमोर येतात. इ. स. ७९३ मध्ये इंग्लंडमधील लिंडिसफार्न मठावर त्यांनी घातलेला घाला पाठ्यपुस्तकांनी अजरामर केला आहे. ही हकीकत लिहिणारे भिक्षू त्याच घाल्यांचे भक्ष्य होते, याची आठवण मात्र क्वचितच करून दिली जाते. उत्खननात सापडणारे ब्रोच आणि पट्ट्यांची बक्कले यांची साक्ष काहीशी निराळी आहे.

डेन्मार्कमधील रीबे येथे आठव्या शतकाच्या आरंभीच, म्हणजे लिंडिसफार्नच्या कितीतरी आधी, बाजारपेठ वसली होती. तेथील ओतारांच्या जागी मातीच्या साच्यांचे हजारो तुकडे मिळाले. साचा फोडल्याखेरीज आतला नग निघत नसे; परंतु नमुना पुन्हा मऊ मातीत दाबला की तीच नक्षी पुन्हा उमटे. त्यामुळेच स्वीडनपासून आइसलंडपर्यंत स्त्रियांच्या थडग्यांत कासवाच्या पाठीसारख्या फुगीर ब्रोचांच्या जोड्या जवळजवळ एकाच घडणीच्या आढळतात. अर्थशास्त्र ज्याला प्रमाणित उत्पादन म्हणते, ते याहून फार वेगळे नव्हे. असे उत्पादन ठरावीक गिऱ्हाइकावाचून आणि धातूच्या नियमित पुरवठ्यावाचून चालत नाही.

अर्थात, लूट नव्हतीच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. नॉर्वेतील स्त्रियांच्या थडग्यांत आयर्लंड-ब्रिटनमधील धार्मिक वस्तूंवरून उचकटलेले नक्षीदार पत्रे मागे टाचणी बसवून ब्रोच म्हणून वापरलेले दिसतात. घाला घालणारा आणि दागिना घडविणारा यांचे हितसंबंध येथे एकत्र येतात.

स्वीडनमधील बिर्का येथे याल्मार स्टोल्पे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ११०० थडगी उकरली. तेथील ब्रोचांना चिकटलेल्या कापडाच्या चिंध्या धातूच्या क्षारांमुळे कुजण्यापासून वाचल्या होत्या. त्यांवरून तागाच्या व लोकरीच्या वस्त्रांची माहिती मिळाली. काही थडग्यांत तर दूरदेशीचे रेशीमही निघाले. आग्नेस येयर यांचा या वस्त्रांवरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज अशा वस्तू मोठ्या संख्येने सापडतात त्या हौशी लोकांच्या धातुशोधक यंत्रांना. इंग्लंडमध्ये १९९७ पासून त्यांची नोंद ठेवण्याची योजना आहे, आणि तेथे स्कँडिनेव्हियन स्त्रियाही वस्तीला आल्या होत्या या मताला या नोंदींनीच बळ दिले. नोंद न करता विकलेला ब्रोच मात्र दुकानात पोहोचतो तेव्हा घासूनपुसून लखलखीत झालेला असतो. त्याला चिकटलेली चिंधी असलीच, तर ती ब्रशाखाली केव्हाच निघून गेलेली असते.